कारवानी कुत्रा, मुधोळचं संस्थान आणि पिल्लं काढायची घाई



एरवी इथे भात, भाजी, पाऊसपाणी असतं. आज कुत्र्याचा इतिहास लिहितोय. शेतकऱ्याला तो लगेच कळेल, कारण शेवटी विषय बी राखायचाच आहे.

सोलापूर, लातूर, सांगली भागात गेलात तर धनगराच्या वाड्यावर, वस्तीवर उंच, सडपातळ, लांब तोंडाचं, पोट आत गेलेलं कुत्रं दिसतं. ते कारवानी. अंगावर मऊ लांब केस असले तर पश्मी म्हणतात. जुन्या काळी व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर पश्चिमेकडून आलं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. कर्नाटकात ह्यालाच मुधोळ म्हणतात.

मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तिथे राज्य होतं मराठी घोरपडे घराण्याचं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी लोकांकडची ही कुत्री बघितली, त्यातली चांगली निवडली आणि पद्धतशीर पैदास सुरू केली. विलायतेत पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, अशीही गोष्ट तिकडे सांगतात. म्हणजे जातिवंत कुत्र्याची पैदास हा काही आजच्या फ्लॅटवाल्यांचा शोध नाही, आपल्याकडे ती राजवाड्यात आणि वाड्यावस्तीवर चालत होती.

आता मुद्द्याचं बघा. त्या काळी निवड कशी व्हायची? शिकारीवर. ससा पळाला की कुत्र्याचा दम, पाय, नजर, छाती, सगळ्याची परीक्षा तिथल्या तिथे. जे मागे पडलं त्याची पिल्लं कोणी मागायचं नाही. कागद नव्हता, पण परीक्षा होती. भाताच्या खाचरातून आपण भरलेल्या लोंब्या वेगळ्या काढून बी ठेवतो, तसंच हे.

विलायतेत दुसरी रीत पडली. 1859 साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. 1873 साली लंडनला केनल क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वंशावळीची वही छापली. आई कोण, बाप कोण, आजा कोण. पेडिग्री म्हणतात ती हीच. वही चांगलीच, पण निवड शर्यतीऐवजी रूपावर व्हायला लागली. बुलडॉगचं तोंड चपटं आणि डोकं मोठं करत नेलं, आज बहुतेक बुलडॉग कुत्र्यांची पिल्लं पोट फाडूनच काढावी लागतात. कागद पक्का, जनावर कच्चं.

आपल्या मुधोळचं काय झालं? 1948 साली संस्थान विलीन झालं, राजाचा आधार गेला. 1972 साली वन्यजीव कायदा आला, पुढे शिकार बंद झाली. ते बरोबरच झालं, ससा वाचला पाहिजे. पण कुत्र्याची परीक्षाही त्याबरोबर संपली. पुढे मान मिळाला, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर फोटो आला, 2016 साली लष्कराने पिल्लं मेरठला नेली, 2020 साली पंतप्रधानांनी रेडिओवर नाव घेतलं. मान मिळाला की मागणी येते, मागणी आली की दलाल येतो. परीक्षा नाही, वही नाही आणि भाव मात्र चढा, अशा वेळी जात बिघडायला दोन-तीन पिढ्या पुरतात.

हे सगळं आज लिहायचं कारण घरातलंच आहे. आमच्या बाळकुमात खाचरं गेली, टॉवर आले, पण पुतण्याकडे अजून अंगण आहे आणि अंगणात सोलापूरकडून आणलेली कारवानी कुत्री आहे. वय चौदा महिने. मागच्या महिन्यात पहिल्यांदा माजावर येऊन गेली. पुढच्या माजाला तिला फळवायचं त्याच्या मनात आहे. नर कल्याणला ठरवलाय, तिच्याच वेतातला सख्खा भाऊ. म्हणतो, "काका, घरचंच रक्त, एकदम प्युअर राहील."

अरे, प्युअर म्हणजे भावाबहिणीचं लावणं नव्हे. सख्ख्या नात्यात जोडी लावली की दोघांत दडलेला एकच दोष पिल्लात वर येतो. पिल्लं मरतात, कमी होतात, किंवा मोठेपणी डोळ्याची, हृदयाची दुखणी निघतात. शिकारीत असं पिल्लू मागे पडायचं. आज ते हजारो रुपयांना विकलं जाईल आणि दुसऱ्याच्या घरी रडारड होईल.

म्हणून पहिल्यांदा पिल्लं काढणाऱ्याने एवढं करावं:

नात्यातला नसलेला नर शोधा. त्याचे आईबाप आणि आधीची पिल्लं डोळ्यांनी बघून या.

2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे अठरा महिन्यांच्या आत मादी फळवता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ वर्षांनंतर नाही. पिल्लं विकायची असतील तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून विकायचं नाही.

दोघांचीही जनावरांच्या डॉक्टरकडून तपासणी करा, ब्रुसेलाची रक्तचाचणी धरून. तो रोग गाभ पाडतो आणि माणसालाही लागू शकतो. लसी आणि जंताचं औषध आधीच उरकून घ्या.

फळवल्यापासून साधारण 63 दिवस धरा. कोरडी, आडोशाची जागा आणि रात्री येणाऱ्या डॉक्टरचा नंबर त्याआधी तयार हवा.

सात-आठ पिल्लं झाली तर ती कोणाच्या घरी जाणार, हे आधी ठरवा. पळायला जागा नसलेल्या घरात कारवानी देऊ नका.

आणि एक वही घाला. तारीख, आई, बाप, पिल्लं किती, जगली किती, दोष काय. जे मेलं तेही लिहा. शिकार गेली, राजा गेला, आता ही वहीच परीक्षा. दहा वर्षांनी कोणी पिल्लू मागायला आला तर त्याच्या हातात ती वही देता आली पाहिजे.

कारवानीची जुनी वेतं, जुन्या ओळी कोणाला ठाऊक असतील तर जरूर कळवा.