चर्चगेटचे चर्च

मालवणची काही मुले घेऊन मी मुंबई दाखवावयास गेलो होतो. चर्चगेटला लोकलमधून उतरताच एकीने विचारले, "काका, चर्च खंय आसा?" प्रश्न रास्त होता. कोटातल्या सेंट थॉमस चर्चकडे नेणारा तो दरवाजा. १८६० नंतर तट पाडले, दरवाजाही गेला. नाव तेवढे स्टेशनला उरले.

चालत चर्चला गेलो. पाया १६७६ चा. भिंती उठल्या आणि काम चाळीसएक वर्षे रखडले. १७१८ च्या नाताळात ते खुले झाले. आपला सिंधुदुर्ग १६६४ ला आरंभून तीन वर्षांत उभा राहिला, हे सांगताच मुलांची छाती फुगली. माझीही, थोडी.

आत भिंतीभर संगमरवरी स्मारके: गव्हर्नर, कप्तान, कंपनीचे अंमलदार. जोनाथन डंकनच्या स्मारकापाशी मुले रेंगाळली; काशी आणि काठेवाडातील बालहत्या थांबविण्याची त्याची खटपट तेथे कोरली आहे. एवढ्यात एक पोरगा म्हणाला, "दगड फोडणाऱ्यांची नावां खंय आसत?"

तीस वर्षे कामगारांच्या सभा घेणारा मी गप्प झालो. मग म्हटले, "सिंधुदुर्गावर तरी कोठे आहेत? हिरोजी इंदुलकरांचे नाव आपण घेतो. पायात शिसे ओतणाऱ्यांचे कोणाला ठाऊक?"

पोरगा पुन्हा भिंतीकडे पाहू लागला.