सार्वजनिक संकेतस्थळावर कायद्याने बंदी घालता येते का?

१/ सर्वांना खुल्या असलेल्या संकेतस्थळावर एखाद्या व्यक्तीस कायद्याने प्रवेशबंदी करता येते का? प्रश्न आजचा भासतो. परंतु अमेरिकेत त्याची मुळे १९४० च्या दशकातील एका गावाच्या पदपथापर्यंत जातात. त्या प्रवासाविषयी हा थ्रेड.

२/ अलाबामा राज्यातील मोबिल शहरालगतचे चिकसॉ हे गाव. घरे, रस्ते, दुकाने, सारे काही गल्फ शिपबिल्डिंग या जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे. पाहणाऱ्यास मात्र ते इतर गावांसारखेच वाटे. कोणीही यावे, खरेदी करावी, निघून जावे.

३/ ग्रेस मार्श ही 'जेहोवाज विटनेसेस' या ख्रिस्ती पंथाची अनुयायी तेथील टपाल कार्यालयाजवळ धार्मिक साहित्य वाटत होती. परवान्याविना वाटप चालणार नाही आणि परवाना मिळणारही नाही, असे तिला बजावण्यात आले. ती हटली नाही. मनाई असूनही खासगी जागेत थांबल्याबद्दल ती दोषी ठरली.

४/ जानेवारी १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्या. ह्यूगो ब्लॅक यांच्या विवेचनाचा आशय असा: मालक स्वतःच्या लाभासाठी आपली जागा जितकी लोकांना खुली करतो, तितके त्याचे अधिकार लोकांच्या घटनात्मक हक्कांनी मर्यादित होतात.

५/ हे तत्त्व फार काळ विस्तारले नाही. १९६८ मध्ये न्यायालयाने ते खासगी बाजारसंकुलांना लागू केले. १९७६ मध्ये तो विस्तार मागे घेतला. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती शासनाचे हात बांधते, खासगी मालकाचे नव्हे, ही भूमिका पुन्हा दृढ झाली.

६/ मग आले महाजाल. नॉर्थ कॅरोलिनाने २००८ मध्ये नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांना अल्पवयीनांसाठी खुल्या असलेल्या समाजमाध्यमांवर जाण्यास बंदी केली. अशाच एकाने २०१० मध्ये वाहतुकीचा दंड टळल्याच्या आनंदात फेसबुकवर देवाचे आभार मानले आणि तो दोषी ठरला.

७/ २०१७ मध्ये 'पॅकिंगहॅम विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने घटनाबाह्य ठरवला. न्या. केनेडी यांनी समाजमाध्यमांना आधुनिक काळातील चव्हाट्याची उपमा दिली. तथापि, अल्पवयीनांशी संपर्क साधण्यासारख्या विशिष्ट कृतींना मनाई करणारे नेमके कायदे राज्यांना करता येतील, हेही निकालात सुचवले होते.

८/ आणि लोकप्रतिनिधीने नागरिकाला 'ब्लॉक' केले तर? राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर टीकाकारांना असे रोखणे अपील न्यायालयाने २०१९ मध्ये घटनाबाह्य ठरवले. त्यांचा कार्यकाळ संपल्यावर, २०२१ मध्ये, तो निकाल निरर्थक झाला म्हणून रद्द करण्यात आला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवी कसोटी सांगितली: त्या व्यक्तीस शासनाच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता का, आणि त्या लेखनात तो वापरला होता का?

९/ याच कथेतील विसंगती पाहा. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द ट्विटरने ट्रम्प यांचे खाते बंद केले. त्यांनी दावा लावला. कंपनी म्हणजे शासन नव्हे, या कारणास्तव २०२२ मध्ये संघराज्य न्यायालयाने तो फेटाळला.

१०/ तात्पर्य, तेथील कायदा दार किती मोठे आहे याआधी ते कोणी बंद केले, हे विचारतो. शासनाला सरसकट बंदी घालता येत नाही. कंपनीला बहुधा येते. परंतु चिकसॉचा पदपथही कंपनीचाच होता. गावाइतक्या व्यापक झालेल्या खासगी जागेला मालकाची मर्जी पुरेशी आहे का, हा १९४६ चा प्रश्न अजून मिटलेला नाही.