नेमलेले सभासद आणि खानदेश

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सभासद असतात आणि त्यांपैकी १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. ही प्रथा राज्यघटनेबरोबर आली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तिचा उगम ब्रिटिश वसाहतींच्या राज्यकारभारात आहे. लोकांनी निवडलेल्या सभागृहाला लगाम असावा म्हणून त्याच्यावर नेमलेल्या प्रतिष्ठितांचे दुसरे सभागृह बसवावे, ही त्यामागील कल्पना. कॅनडात १८६७ पासून सिनेटचे सभासद गव्हर्नर जनरल नेमत आले आहेत. न्यूझीलंडमधील असेच वरिष्ठ सभागृह बंद करण्याचा कायदा १९५० साली झाला. तो मंजूर व्हावा म्हणून त्याला अनुकूल असे नवे सभासदच सरकारने त्या सभागृहावर नेमले होते! जो नेमतो, तोच मोडूही शकतो.

मुंबई इलाख्यात तर निवडलेले सभागृह येण्यापूर्वीच नेमलेले आले. १८६१ च्या कायद्यान्वये गव्हर्नरने नेमलेले कौन्सिल १८६२ साली भरले आणि त्यात जगन्नाथ शंकरशेट यांना स्थान मिळाले. १८९२ पर्यंत या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार नव्हता. या व्यवस्थेतील विसंगती धुळ्याच्या संदर्भात स्पष्ट होते. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानंतर संशयाच्या छायेत आलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची १८७९ साली धुळ्यास बदली झाली व त्यांच्या टपालावर पाळत ठेवण्यात आली. त्याच रानड्यांना सरकारने १८८५ साली मुंबईच्या कौन्सिलवर नेमले. रानडे तेच होते. बदलली होती ती सरकारची मर्जी.

इलाख्यास खरेखुरे वरिष्ठ सभागृह मिळाले ते १९३५ च्या कायद्याने. १९३७ साली अस्तित्वात आलेल्या या परिषदेत २९ ते ३० जागा होत्या. २६ जागा निवडणुकीच्या, तर ३ ते ४ गव्हर्नरच्या नेमणुकीच्या. मतदानाचा हक्कही मुख्यतः संपन्न वर्गापुरताच होता. या कायद्याचा खानदेशाशी निकटचा संबंध आहे. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. तेथे हा कायदा फेटाळण्यात आला आणि लोकांनी निवडलेल्या घटना समितीची मागणी करण्यात आली.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती समाजासाठी ३ जागा राखून ठेवल्या. वरिष्ठ सभागृहात मात्र एकही नाही. तेथे राखीव जागेऐवजी गव्हर्नरची कृपादृष्टी एवढाच आधार उरला. पुढे १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीने धार्मिक अल्पसंख्यकांच्या राखीव जागा रद्द केल्या. अल्पसंख्यकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्ष बंगालचे ख्रिस्ती नेते हरेंद्रकुमार मुखर्जी होते. येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा हे घटना समितीचे सभासद होते. राखीव आसनापेक्षा शेजाऱ्याच्या विश्वासावर उभे राहणे आपल्या समाजाने पत्करले, ही लहान गोष्ट नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक नेमणूक त्याज्य आहे असा नव्हे. जळगावच्या सीमेलगतच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर १९७८ साली विधान परिषदेवर नेमले गेले आणि शेतकऱ्याचे, पाण्याचे प्रश्न घेऊन सभागृहात उभे राहिले. मात्र मर्जीचा धोका आजही संपलेला नाही. २०२० च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने पाठविलेल्या १२ नावांवर २०२२ साली सरकार बदलेपर्यंत निर्णयच झाला नाही.

खानदेशात आपण संख्येने थोडे आहोत. म्हणून ‘आमचा एक माणूस नेमा’ अशी विनवणी करण्याचा मोह आपल्याला होतो. आम्ही धर्मगुरूही नेमलेलेच असतो, लोकांनी निवडलेले नव्हे. म्हणून अनुभवाने सांगावेसे वाटते की, नेमणूकपत्राने खुर्ची मिळते, अधिकार मिळतो तो सेवेतून. परिषदेतील एका आसनाची वाट पाहण्याआधी गावच्या ग्रामपंचायतीत, शाळेत, सहकारी सोसायटीत आपले किती जण सर्वांच्या मतांनी निवडून येतात, हे आपण मोजावे.