बारा संघ आले, यजमानच बाहेर!

2022 चा महिला आशियाई फुटबॉल करंडक आठवतोय? आपल्या महाराष्ट्रातच झाला! पहिल्यांदाच 8 ऐवजी 12 संघ. आधी ठरलेली भुवनेश्वर, अहमदाबाद ही शहरं वगळून सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात ठेवले. कोविडमुळे प्रवास कमी करायचा होता.

यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश. इथूनच 2023 च्या विश्वचषकाची वाट जात होती. 20 जानेवारीला इराणशी 0-0 बरोबरी झाली. 23 ला चायनीज तैपेईशी सामना, पण कोविडमुळे 13 खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. नियम सरळ होता: 13 नसतील तर संघाने माघार घेतली असं धरायचं. इराणविरुद्धची बरोबरीही रद्द!

संघ वाढले, अंतरं कमी झाली. पण आपल्या मुलींसाठी विश्वचषकाचं दार एकही गोल न खाता बंद झालं.