दगडखाण, विहीर आणि नोंदवही : पनवेल परिसरातील भूजल-गुणवत्ता निरीक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पनवेल हे कोकण आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या मार्गावरील जुने व्यापारी गाव होय. येथील नगरपालिका इ.स. १८५२ मध्ये स्थापन झाली. तलाव व विहिरी हे येथील पाणीपुरवठ्याचे परंपरागत आधार होते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीस प्रारंभ झाला. या उभारणीसाठी लागणारी खडी परिसरातील टेकड्यांतून काढली जाऊ लागली व कुंडेवहाळसारख्या गावांच्या आसमंतात दगडखाणी उभ्या राहिल्या. शहराच्या वाढीचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला. खाणीच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीचा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. या उपेक्षेची कारणे कायद्याच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भूस्तर आणि विहीर

पनवेलचा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक मूलतः सच्छिद्र नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकातील भेगांत. त्यामुळे भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. खाण भूजल पातळीच्या खाली गेली की भेगांतील पाणी खाणीत उतरते व ते उपसावे लागते. सुरुंगासाठी वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटचे अवशेष पाण्यात मिसळल्यास नायट्रेट वाढते. खाडीलगतच्या भागात अतिउपशामुळे क्षारता वाढण्याचाही संभव असतो.

येथे एक अडचण लक्षात घेणे अगत्याचे आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम आहे. परंतु नायट्रेट केवळ सुरुंगामुळेच वाढते असे नाही. शौचकूप, गोठे व रासायनिक खते यांमुळेही ते वाढते. सबब एका नमुन्यावरून दोष निश्चित करता येत नाही. खाण सुरू होण्यापूर्वीची नोंद आणि खाणीच्या प्रभावाबाहेरील विहिरीची नोंद, या दोन्ही हाताशी असाव्या लागतात.

निरीक्षण यंत्रणांची जडणघडण

महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम, १९६९ अन्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये संमत झाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना १९७२ ची, म्हणजे दुष्काळाच्या काळातील. साहजिकच पाणी आहे किती, हा तिच्यापुढील पहिला प्रश्न होता. केंद्रीय भूमिजल मंडळ निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजत आले. गुणवत्तेसाठी नमुने मात्र प्रामुख्याने पावसाळ्यापूर्वी घेतले जात. या विहिरी विस्तीर्ण क्षेत्राच्या प्रतिनिधी असतात. एखाद्या खाणीच्या शेजारील विहिरीत झालेला बदल त्या जाळ्यात सापडेलच असे नाही.

कायद्यातील भेद

खाणी आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ ने इमारतीचा दगड गौण खनिजांत गणला. २७ जानेवारी १९९४ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेत ५ हेक्टरांवरील प्रमुख खनिजांच्या खाणींचाच अंतर्भाव होता. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने गौण खनिजेही कक्षेत आणली. तथापि ५ हेक्टरांखालील खाणपट्टे बाहेरच राहिले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात लहान खाणपट्ट्यांनाही पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. तोवर नवी मुंबईच्या उभारणीस चार दशके लोटली होती. थोडक्यात, ज्या काळात टेकड्या फोडल्या गेल्या, त्या काळात लहान दगडखाणीच्या शेजारील विहिरीचे पाणी आधी तपासून ठेवण्याचे बंधन या अधिसूचनांनी घातलेले नव्हते.

गोव्याशी तुलना

लोहखनिज हे प्रमुख खनिज असल्याने गोव्यातील मोठ्या खाणी मूल्यमापनाच्या कक्षेत आधी आल्या. तरीही डिचोली तालुक्यातील शिरगावच्या विहिरी आटल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत न्यावा लागला. तेथे खनिजाचा भुसभुशीत थर हाच जलधर असल्याने खनिज काढणे म्हणजे पाण्याचे कोठार रिते करणे ठरते. मोठ्या खाणींच्या मंजुरीपत्रांत सभोवतालच्या विहिरी व निरीक्षण कूपनलिका यांची पातळी व गुणवत्ता एप्रिल-मे, ऑगस्ट, नोव्हेंबर व जानेवारीत तपासण्याची अट सर्रास आढळते. परंतु ही तपासणी खाणचालकानेच करून अहवाल सादर करावयाचा असतो. ज्याच्या कृतीची तपासणी व्हावयाची, त्याच्याच हाती नोंदवही राहते. ग्रामस्थांची साक्ष ही ‘पूर्वी पाणी गोड होते’ या आठवणीपुरती उरते आणि आठवणीला प्रयोगशाळेचा शिक्का नसतो.

निष्कर्ष

पनवेल परिसरातील विहिरींच्या प्रश्नाचे मूळ केवळ खाणकामात नसून नोंदींच्या विलंबित प्रारंभात आहे. खनिज प्रमुख की गौण, यावर विहिरीचे संरक्षण अवलंबून राहिले. वस्तुतः पाणी पिणाऱ्यास हा भेद निरर्थक आहे. गेलेल्या दशकांची आधारनोंद आता मिळविता येणार नाही. मात्र आज घेतलेली नोंद उद्याची आधारनोंद ठरते. पनवेल परिसरातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, भूगोल व इतिहास विभागांनी ठरावीक विहिरींचे ऋतुनिहाय नमुने, स्थान व दिनांक यांसह, सातत्याने नोंदवून ग्रामपंचायत व महानगरपालिकेस खुले केल्यास नोंदवही एकाच पक्षाच्या हाती राहणार नाही. खाणपट्ट्याची मुदत संपते. विहिरीवरचे गावाचे अवलंबित्व संपत नाही.