दिनविशेष : ११ जून २०११ – पत्रकार ज्योतिर्मय डे यांची हत्या

'मिड-डे'चे गुन्हे पत्रकार ज्योतिर्मय डे भरदुपारी मोटारसायकलवरून घरी निघाले होते. पवईच्या हिरानंदानी भागात, भर रस्त्यात, दुचाकीस्वार मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. निकाल लागला २०१८ मध्ये : टोळीप्रमुख छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप. पत्रकाराच्या खुनात सूत्रधारापर्यंत शिक्षा पोहोचणे आपल्याकडे दुर्मीळच. या हत्येनंतर जोर धरलेल्या मागणीतून महाराष्ट्रात २०१७ मध्ये पत्रकार संरक्षण कायदा मंजूर झाला. त्यात हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. धाक मात्र बसलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना, तिथल्या नियोजित रिफायनरीविषयीची त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, गाडीखाली चिरडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.