पिन ओढा, राजाला वाचवा: जाहिरातीतला गेम गेला कुठे?



रील बघताना मध्येच येणारी ती जाहिरात तुम्हाला तोंडपाठ असेल. एक बिचारा माणूस, एकीकडे लाव्हा, दुसरीकडे पाणी, मध्ये पिना. खेळणारा हात हमखास चुकीची पिन ओढतो. आपण मनात ओरडतो, 'अरे येड्या, वरची ओढ!' आणि तिथेच आपलं बोट इन्स्टॉलवर जातं. गेम उघडला की पिना गायब. आज याचा इतिहास बघू.

अटारीचं २६०० हे घरगुती यंत्र १९७७ साली आलं. पडद्यावर दिसायचे निव्वळ ठोकळे. पण 'कॉम्बॅट'च्या खोक्यावर क्लिफ स्पॉन या चित्रकाराने रणगाडे आणि विमानांचं झकास युद्ध रंगवलं होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. तरी मी याला फसवणूक म्हणणार नाही. चित्रात रणगाडे होते, खेळातही रणगाडेच होते. उरलेलं काम आपल्या कल्पनेचं.

आता थेट २००९. 'इव्होनी' हा ब्राउझरमधला गेम: शहर वसवा, सैन्य उभं करा. सुरुवातीच्या जाहिरातीत मध्ययुगीन योद्धा होता. मग योद्धा गेला, बाई आली. पुढे तिचे कपडे कमी होत गेले आणि शेवटी जाहिरातीत गेमचा मागमूसही उरला नाही.

असं का झालं? खोक्यावरचं चित्र एकदा छापलं की छापलं. ऑनलाइन जाहिरातीच्या मात्र दहा आवृत्त्या सोडायच्या, कुठलीवर जास्त क्लिक पडतात ते मोजायचं, जिंकेल ती ठेवायची. गेममध्ये खरंच काय आहे, हा प्रश्न या मोजणीत येतच नाही.

पिनांची गोष्टही तशीच. प्लेरिक्स कंपनीचे 'गार्डनस्केप्स' (२०१६) आणि 'होमस्केप्स' (२०१७) हे मुळात तीन सारख्या गोष्टी जुळवायचे गेम. हा प्रकार २००१ च्या 'बिज्वेल्ड'ने रुजवला, २०१२ च्या 'कँडी क्रश'ने घरोघरी नेला. गेम जुनाच, म्हणून नवेपणा जाहिरातीत आणला. २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने अशा दोन जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून त्यांवर बंदी घातली. 'सगळी दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत' अशी ओळ त्यांत होती, पण ती पुरेशी मानली गेली नाही.

गंमत पुढे आहे. २०२३ मध्ये मंकीक्राफ्ट या जपानी स्टुडिओने जाहिरातीतले हेच खेळ खरोखर बनवून विकायला काढले. म्हणजे लोकांना तो खेळ हवाच होता!

मला यात खरं दुखणं हे दिसतं: कल्पकता आटलेली नाही, तिची बदली झाली आहे. गेम बनवणाऱ्याच्या टेबलावरून ती जाहिरातवाल्याच्या टेबलावर गेली, आणि तिथेही सगळे एकमेकांची कॉपी मारून तिला शिळं करतात. वर, नवीन काही बनवणाऱ्या छोट्या टीमला आपल्या नजरेत यायचं तर याच बाजारात, याच पैशावाल्यांशी बोली लावावी लागते.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. इन्स्टॉल करण्याआधी कुणीतरी प्रत्यक्ष खेळलेला व्हिडिओ दोन मिनिटं बघा. आणि एखादा छोटा, वेगळा गेम आवडला तर मित्राला लिंक पाठवा. ही जाहिरात फुकट असते, आणि खरी असते.

भेटू पुढच्या भागात!